पायरेटेड सिनेमा पाहणं: चूक नेमकी कुठे सुरू होते?

तिसरी_घंटा

नवा सिनेमा ‘लिंकवरून पाहिला’ असं कुणी म्हटलं की पुढचं बोलणं ठरलेलं असतं. एक जण म्हणतो, ही सरळसरळ चोरी आहे. दुसरा म्हणतो, कुणाचं काय गेलं? सिनेमा होता तिथेच आहे. मग दोघेही आपापला हेका धरून बसतात आणि विषय तिथेच संपतो. मला दोघांचंही पटत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी चोरीचं बघू. वस्तू पळवली की मालकाकडे ती उरत नाही. कॉपी केली की मूळ जागेवरच राहतं. हा फरक खरा आहे, पायरसीवाल्यांनी शोधलेली पळवाट नव्हे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1985 साली डाउलिंग खटल्यात हेच मानलं. एल्विस प्रेस्लीच्या गाण्यांच्या बेकायदा रेकॉर्ड विकण्याचं ते प्रकरण होतं. चोरीचा माल राज्याबाहेर नेण्याविरुद्धचा कायदा अशा रेकॉर्डना लागू होत नाही, कॉपीराइटचा भंग आणि चोरी यांना एकाच मापाने मोजता येत नाही, असं न्यायालय म्हणालं. पण म्हणून डाउलिंग निर्दोष ठरला नाही. कॉपीराइट भंगाचा दोष कायम राहिला. तेव्हा ‘चोरी नाही’ म्हणजे लगेच ‘चालतंय’ असं होत नाही.

माझ्या मते चूक दुसरीकडेच आहे. सिनेमाचा सगळा खर्च एकही प्रेक्षक यायच्या आधी होऊन गेलेला असतो. नंतर लाखो लोक आपापल्या तिकिटातून, वर्गणीतून तो थोडा थोडा भरून काढतात. फुकट पाहणारा या लोकांच्या जिवावर पाहतो. सगळ्यांनीच असं केलं तर पुढचा सिनेमा निघणारच नाही, हे ठाऊक असूनही तो पाहतो. हा अन्याय निर्मात्यावर तर आहेच, पण मला वाटतं त्याहून जास्त तो पैसे भरून पाहणाऱ्या प्रेक्षकावर आहे.

अर्थात पैसे भरायची खिडकी उघडी असेल तरच हे लागू पडतं. म्हणून मी प्रश्न असा विचारते: हा सिनेमा रीतसर पाहायची सोय मला होती का, आणि ती माहीत असून मी टाळली का? सिनेमा किती नवा आहे, लिंकमागे कमाई कोण करतंय, माझ्यामुळे ती कॉपी आणखी पसरते का, या गोष्टींनी त्या चुकीचं वजन कमीजास्त होतं. तुमचं काय मत?

खडाष्टक

अजिबात पटलं नाही. मी फुकट पाहिलेले बहुतेक सिनेमे मी पैसे देऊन कधीच पाहिले नसते. जो पैसा माझ्या खिशातून निघणारच नव्हता तो कुणाचा बुडाला?

दुसरं म्हणजे सोय. एका मालिकेचा पहिला सीझन एका ओटीटीवर, दुसरा दुसऱ्याच ठिकाणी, आणि तिसरा ‘तुमच्या देशात उपलब्ध नाही’. सगळीकडे वर्गणी भरली तरी अर्धवट पाहिलेली गोष्ट कधी गायब होईल सांगता येत नाही. गाण्यांच्या बाबतीत काय झालं ते आठवा. गाणी एकमेकांना फुकट द्यायचं नॅप्स्टर 1999 मध्ये आलं, 2001 मध्ये कोर्टकचेरीपायी बंद पडलं. फुकट गाणी थांबली का? नाही, त्याच्या जागी दुसरं काहीतरी आलंच. 2008 मध्ये स्पॉटिफाय सुरू झालं, पाठोपाठ तशा सेवा आल्या, हवं ते गाणं एका जागी मिळू लागलं, तेव्हा कुठे लोकांनी एमपीथ्री गोळा करणं आपणहून सोडलं. नीतीचे धडे देऊन कुणीच सोडलं नव्हतं.

आणि कृपा करून लेखक-कलाकारांच्या नावाने गळा काढू नका. 2023 मध्ये हॉलिवूडचे लेखक 148 दिवस आणि कलाकार 118 दिवस संपावर होते. तो संप स्टुडिओंविरुद्ध होता, आमच्याविरुद्ध नव्हता.

सरळरेषा

एवढा काथ्याकूट कशाला? कायद्याने मना आहे, म्हणून करू नये. विषय संपला.

तिसरी_घंटा

सरळरेषा, कायदा पाळावा हे मान्यच. पण नैतिक प्रश्न तेवढ्याने सुटत नाही. इंग्लंडच्या 1710 च्या कायद्यात नव्या पुस्तकावरचा हक्क 14 वर्षांचा होता, आणि लेखक तोवर हयात असेल तर आणखी 14. आज कितीतरी देशांत तो लेखकाच्या मृत्यूनंतर 70 वर्षं चालतो. म्हणजे लिहिल्यानंतर 40 वर्षांनी केलेली कॉपी तेव्हा निर्दोष, आज गुन्हा. माणसाची न्यायबुद्धी काही मधल्या काळात बदललेली नाही.

शिवाय नुसतं पाहण्याबद्दल कायदाच बराच काळ चाचपडत होता. ब्राउझरमध्ये आपोआप होणाऱ्या तात्पुरत्या कॉपीला युरोपात सूट होती. बेकायदा स्ट्रीम पाहताना होणाऱ्या कॉपीला ती सूट नाही, हे युरोपीय न्यायालयाने 2017 मध्ये फिल्मस्पेलर खटल्यात सांगितलं. त्या निकालाच्या आदल्या दिवशी तसा सिनेमा पाहणारा सज्जन आणि दुसऱ्या दिवशी पाहणारा दुर्जन, असं तुम्हीही म्हणणार नाही.

धूळपाटी

खडाष्टक यांच्या पहिल्या मुद्द्यावर आकडे उपलब्ध आहेत, आणि ते दोन्ही बाजूंना अडचणीचे आहेत.

पायरसीमुळे विक्री किती घटते याचा अभ्यास युरोपियन कमिशनने इकोरिस या डच संस्थेकडून करून घेतला होता. सहा देशांतल्या सुमारे 30,000 लोकांची पाहणी केली. अहवाल 2015 मध्ये तयार झाला, पण जाहीर झालाच नाही. युरोपीय संसदेच्या सदस्य यूलिया रेडा यांनी कागदपत्रं मागवली तेव्हा 2017 मध्ये तो लोकांसमोर आला. गाणी, पुस्तकं आणि गेम्स यांची विक्री पायरसीमुळे घटते असा भक्कम पुरावा त्यात मिळाला नाही. गेम्सची तर उलट थोडी वाढलेली दिसली. अपवाद एकच: नुकतेच आलेले गाजलेले सिनेमे. असे दहा सिनेमे बेकायदा पाहिले गेले की रीतसर पाहणं चाराने घटतं, असा निष्कर्ष होता. पुरावा सापडला नाही म्हणजे परिणामच नाही असं समजू नये, हेही अहवालाने स्पष्ट केलंय.

तेव्हा ‘मी पैसे देऊन पाहिलाच नसता’ हे नव्या सिनेमाच्या बाबतीत दहातल्या सहा वेळा खरं आणि चार वेळा खोटं. खरी अडचण अशी की आपण सहांत आहोत की चारांत, हे पाहणाऱ्याला स्वतःलाही सांगता येत नाही. फुकट मिळालेली गोष्ट पाहून झाल्यावर ‘मी पैसे मोजले असते’ असं सहसा कुणाला वाटत नाही.

संपाबद्दलही थोडं. त्या संपातून लेखकांनी काय पदरात पाडून घेतलं ते बघा. ओटीटीसाठी बनलेली मोठ्या बजेटची मालिका किंवा सिनेमा पहिल्या 90 दिवसांत त्या सेवेच्या देशांतर्गत वर्गणीदारांपैकी किमान 20 टक्क्यांनी पाहिला, तर लेखकाला बोनस. म्हणजे लेखकाचे पैसे थेट पाहण्याच्या मोजणीला जोडले गेले. लिंकवरून पाहिलेलं त्या मोजणीत धरलं जात नाही. स्टुडिओ कमी देतो म्हणून चिडून लिंक उघडणारा प्रेक्षक लेखकाचंच एक मत कमी करतो.

खडाष्टक

बोनसच्या कलमाची माहिती नव्हती, धन्यवाद. पण ते ‘देशांतर्गत’ आहे. बाहेरच्या देशातला माणूस काय पाहतो याने त्या लेखकाला तसूभर फरक पडत नाही. आणि तुमच्याच अहवालाप्रमाणे जुन्या सिनेमाचा तर प्रश्नच मिटला, नाही का?

उपशीर्षक

मिटला नाही. मी सबटायटल करते, म्हणून आतून जे दिसतं ते सांगते.

पडद्यावर एका वेळी दोनच ओळी, इंग्रजीत एका ओळीत साधारण 42 अक्षरं. शॉट बदलला की शक्यतो ओळही हटली पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्याला ती नव्याने आल्यासारखी वाटून तो पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागतो. पात्र अडखळत बोलत असेल तर वाक्य कुठे तोडायचं यात कधी कधी अख्खी दुपार जाते. मी काम केलेला एक छोटा सिनेमा प्रदर्शित झाला त्याच आठवड्यात एका साइटवर दिसला. ओळन् ओळ माझी. शेवटी माझं नाव येतं ती ओळ काढून तिथे जुगाराच्या साइटचा पत्ता टाकला होता. सिनेमात एका ठिकाणी आई आणि मुलगा काही न बोलता समोरासमोर बसलेले आहेत. तिथे दिग्दर्शकाने पडदा पूर्ण मोकळा ठेवायला सांगितला होता. त्या मोकळ्या जागेत तोच पत्ता सरकत होता.

या कामाचे मला मिनिटाच्या दराने एकरकमी पैसे मिळतात. त्या लिंकमुळे माझा एक पैसाही बुडाला नाही, हे सांगायलाच हवं. बुडाला तो वितरकाचा. परक्या भाषेतले सिनेमे आणणारे वितरक लहान असतात. एक सिनेमा पडला की त्या भाषेचा पुढचा सिनेमा ते घ्यायला धजत नाहीत. म्हणजे जे मुळात क्वचित येतं तेच आधी बंद होतं. ‘स्टुडिओ गब्बर आहे, त्याला काय फरक पडतो’ हे मी नेहमी ऐकते, पण त्या साइटवर गब्बर स्टुडिओचा सिनेमा आणि पहिलाच सिनेमा करणाऱ्या मुलीचा सिनेमा शेजारी शेजारी असतात. पाहणारा त्यांत निवड करत नाही.

खडाष्टक

जुगाराच्या जाहिरातीचं वाचून वाईट वाटलं. ज्याने काहीच केलं नाही त्याने कमवावं, हे मलाही चीड आणणारंच आहे. पण म्हणूनच मी साइटवर न पाहता टोरेंट वापरतो. तिथे निदान मधला दलाल नाही.

धूळपाटी

दलाल नाही, कारण दलालाचं काम तुम्ही स्वतः करता. टोरेंटमध्ये फाइल लहान लहान तुकड्यांत येते आणि तुमच्याकडे आलेले तुकडे त्याच वेळी तुमच्या कॉम्प्युटरवरून इतरांना जात राहतात. पद्धतच तशी आहे, म्हणून तर एकाच सर्व्हरवर भार न येता ती चालते. ज्या फाइलसाठी रात्रभर मशीन चालू ठेवता, ती सकाळपर्यंत किती जणांना पोचवली याचा आकडा प्रोग्रॅममध्येच दिसतो. तिसरी_घंटा यांच्या कसोटीप्रमाणे नुसतं पाहणाऱ्यापेक्षा तुम्ही एक पायरी पुढे आहात.

जुनी_रिळं

इथपर्यंतचं सगळं नव्या सिनेमाबद्दल झालं. मी जुन्या चित्रपटांच्या जतनाच्या कामात असतो आणि आमच्याकडे हा प्रश्न पार उलटा उभा राहतो.

जर्मन दिग्दर्शक मुर्नाऊचा ‘नोस्फेराटू’ हा सिनेमा 1922 चा. ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’वरून बनवला आणि परवानगी घेतली नाही. स्टोकरच्या पत्नीने दावा लावला, तो जिंकला, आणि जर्मन न्यायालयाने सगळ्या प्रती नष्ट करायचा हुकूम दिला. कायदा पूर्णपणे तिच्या बाजूने होता. पण इकडेतिकडे पसरलेल्या काही प्रती हाती लागल्या नाहीत, म्हणून तो सिनेमा आज आपल्याला पाहायला मिळतो. बीबीसीने आपल्या ‘डॉक्टर हू’ या टीव्ही मालिकेच्या 1960 च्या दशकातल्या कितीतरी भागांच्या टेप जागेच्या आणि पैशांच्या कारणाने पुसल्या. 90 हून जास्त भागांचं चित्र आज सापडत नाही. आवाज मात्र त्यांतल्या प्रत्येक भागाचा आहे. काही प्रेक्षकांनी टीव्हीपुढे टेपरेकॉर्डर ठेवून घरी रेकॉर्डिंग केलं होतं. कुणी परवानगी दिली नव्हती. कुणी मागितलीही नव्हती.

गेम्सची अवस्था याहून वाईट. अमेरिकेत 2010 पूर्वी निघालेल्या जुन्या गेम्सपैकी 87 टक्के आज बाजारात कुठेच मिळत नाहीत, असं व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या 2023 च्या पाहणीत आढळलं. जिथे मालकाने खिडकी बंद करून कुलूप लावलं आहे आणि किल्ली हरवून टाकली आहे, तिथे कॉपी जपणाऱ्याला आणि ती पाहणाऱ्याला मी दोष देणार नाही. उलट मी त्याचा ऋणी आहे.

खडाष्टक

हेच मला म्हणायचं होतं! आणि विकत घेतलेलंही आपलं राहत नाही. 2009 मध्ये अ‍ॅमेझॉनने लोकांनी पैसे देऊन घेतलेली ऑरवेलची ‘1984’ त्यांच्या किंडलमधून, म्हणजे ई-पुस्तकं वाचायच्या यंत्रातून, परस्पर पुसली होती. असल्या लोकांशी प्रामाणिक राहायचं?

जुनी_रिळं

ते उदाहरण जपून वापरा. ती आवृत्ती ज्याने विक्रीला ठेवली होती त्याच्याकडे तिचे हक्कच नव्हते. म्हणजे पुसली गेली ती मुळात पायरेटेड कॉपी होती, आणि लोकांना पैसे परत मिळाले. तरीही ज्या पद्धतीने पुसली ती चूकच होती. कंपनीच्या प्रमुखांनी तशी माफीही मागितली. डिजिटल खरेदीत वस्तू हाती येत नाही, पाहायची-वाचायची परवानगी तेवढी मिळते, हा तुमचा मूळ मुद्दा बरोबर आहे. पण त्यावरून नव्या सिनेमाची लिंक उघडायचा हक्क कसा मिळतो, ते मला कळलं नाही.

कानसेन

माझं प्रकरण वेगळं आहे. मला दिसत नाही. सिनेमा मी ऐकतो.

ज्यांना कल्पना नसेल त्यांच्यासाठी सांगतो: ऑडिओ डिस्क्रिप्शन म्हणून एक वेगळा ट्रॅक असतो. संवादांच्या मधल्या फटींत निवेदक हळूच सांगतो, ‘ती पत्र पालथं ठेवते. दाराकडे बघते.’ एवढं मिळालं की पुढचा ‘कोण आहे?’ हा संवाद मला अर्थासकट ऐकू येतो. नाहीतर दोन मिनिटं नुसतं पार्श्वसंगीत आणि पावलांचा आवाज.

मी ओटीटीची वर्गणी भरतो. सिनेमाही तिथे असतो. पण ज्या देशात तो बनला तिथे त्याच्याबरोबर मिळणारा वर्णनाचा ट्रॅक माझ्याकडे पोचताना गळून पडलेला असतो. चौकशी केली तर ‘हक्क फक्त सिनेमाचे घेतले आहेत’ असं उत्तर. मग आमच्यातलंच कुणीतरी तो ट्रॅक पाठवतं. चित्र नाहीच त्यात, नुसता आवाज. पुस्तकांच्या बाबतीत जगाने यावर तोडगा काढला: 2013 चा माराकेश करार, 2016 पासून लागू. अंध वाचकांसाठी पुस्तक वाचता येईल अशा स्वरूपात आणायला आणि एका देशातून दुसऱ्या देशात द्यायला त्यात मुभा आहे. पण तो करार छापील मजकुराचा. सिनेमा त्यात बसत नाही. आता सांगा, मी कुणाच्या जिवावर पाहतोय?

तिसरी_घंटा

कुणाच्याच नाही. तुम्ही तुमचा वाटा भरलेला आहे. तुमच्यापुढे खिडकी नावापुरती उघडी आहे, तिच्यातून तुम्हाला मिळत काहीच नाही. माझ्या कसोटीत ‘सोय होती का’ हा प्रश्न मी डोळस माणसाच्या जागी बसूनच लिहिला होता. तो ‘मला वापरता येईल अशी सोय होती का’ असा हवा. तुमच्या त्या फाइलमध्ये मला काहीही गैर दिसत नाही, आणि दिसतं असं म्हणणाऱ्याने आधी वर्णनाचा ट्रॅक सगळीकडे का जात नाही हे त्या कंपन्यांना विचारावं.

खडाष्टक, तुम्ही पुढे काय म्हणाल याचा अंदाज आहे: मग ज्याला परवडत नाही त्याचं काय? ज्याच्याकडे खरंच नाहीत आणि जो थोड्या महिन्यांनी स्वस्तात येईपर्यंतही थांबू शकत नाही, त्याच्यावर मी तुटून पडणार नाही. पण तो सिनेमा आजच, पहिल्याच आठवड्यात पाहायला हवा होता, हे मला पटत नाही. आणि बहुतेक वेळा ‘परवडत नाही’ म्हणणाऱ्याला परवडत असतं, फक्त याच गोष्टीवर पैसे खर्च करायचे नसतात.

खडाष्टक

शेवटचं वाक्य कठोर आहे, पण खोडून काढता येत नाही. नव्या सिनेमाबद्दल तुमचं म्हणणं मी मान्य करतो, पहिले काही महिने तरी. 40 वर्षांपूर्वीचा सिनेमा, ज्याचा दिग्दर्शक हयात नाही, लेखक नाही, आणि हक्क एका कंपनीकडून दुसरीकडे विकले जात आज भलत्याच कुणाकडे आहेत, तो सिनेमा रीतसर भाड्याने मिळत असला तरी मी फुकट पाहिला तर त्यात पाप आहे असं मला वाटत नाही आणि वाटणारही नाही.

जुनी_रिळं

एवढीच भर घालतो: असे सिनेमे रीतसर भाड्याने मिळतात ते बहुतेकदा कुणीतरी निगेटिव्ह शोधून, एकेक फ्रेम साफ करून ते पुन्हा स्कॅन केलेले असतात म्हणून. तुमच्या लिंकवरची सुंदर कॉपीसुद्धा त्या स्कॅनचीच उचललेली असते. ते पैसे गेलेल्या दिग्दर्शकाला मिळत नाहीत हे खरं, पण पुढच्या सिनेमाचं स्कॅनिंग होणार की नाही, हे बरंचसं त्यावर ठरतं.

नवशिकी

मी सिनेमाचा अभ्यास करते. एका दिग्दर्शिकेचा पहिला सिनेमा महोत्सवांत दाखवला गेला आहे, पण थिएटर, ओटीटी, डिस्क, कुठेच नाही. मला त्यावर लिहायचंय. एका चॅनेलवर त्याची लिंक फिरतेय. वर म्हटलंय तसं खिडकीच नाही, मग ही लिंक पाहिली तर चालेल ना?

तिसरी_घंटा

माझ्या कसोटीत बसतंय. सोय नाही, हेतूही चांगला आहे. मी तरी अडवणार नाही.

उपशीर्षक

मी मात्र थांब म्हणेन. इथे खिडकी बंद झालेली नाही, ती अजून उघडायची आहे, आणि हा फरक मोठा आहे. महोत्सवात फिरणारा सिनेमा म्हणजे वितरक शोधत असलेला सिनेमा. विकत घ्यायला आलेला माणूस आधी बघतो की तो बाहेर फुटला आहे का. फुटलेला दिसला तर बोलणी पहिल्या बैठकीतच संपतात. गाजलेल्या सिनेमाचं अशाने थोडं नुकसान होतं. याला तर जन्मच मिळत नाही. त्या चॅनेलवर प्रेक्षकांचा आकडा एकाने वाढवायलाही नको.

त्यापेक्षा असं कर. महोत्सवाच्या कॅटलॉगमध्ये सिनेमाच्या माहितीखाली निर्माता किंवा सेल्स एजंटचा (सिनेमाचे हक्क विकणाऱ्याचा) ईमेल असतो. तू कोण, कशासाठी पाहायचाय, कुठे लिहिणार, हे चार ओळींत लिही. अभ्यासासाठी मागितलं तर बरेच जण पासवर्ड असलेली स्क्रीनर लिंक, म्हणजे फक्त मागणाऱ्याला पाहण्यासाठी दिलेली कॉपी, पाठवतात. चित्रावर बहुधा तुझं नाव किंवा ईमेल पुसट उमटलेलं असेल, त्यामुळे ती मैत्रिणीलाही पुढे पाठवू नकोस. आठवड्याभरात उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करून दे, महोत्सवांच्या धावपळीत मेल मागे पडतात. आणि सिनेमा फुटलाय हे त्यांना ठाऊक नसण्याची शक्यता आहे, तेव्हा त्या चॅनेलचा पत्ता त्याच मेलमध्ये कळव.

तिसरी_घंटा

उपशीर्षक, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं आणि तुमचंच बरोबर आहे. नवशिकी, मेल आधी कर.

नवशिकी

कॅटलॉगमध्ये सेल्स एजंटचा पत्ता सापडला. आत्ताच लिहिलं, चॅनेलबद्दलही कळवलं.